तांबड्या थरावरचं पाणी

"कुंदा, इकडे ये! अगं, आपल्याकडचाच माल आहे हा!"

सबनीस कड्याच्या पायथ्याशी उभे राहून हाका मारत होते. आम्हा चौघांच्या घशाला सकाळपासून कोरड पडली होती, पण ह्यांच्या आवाजात लग्नघराचा आनंद. मी ठेचकाळत तिथवर गेले. त्या बेटावर सरळ चालताच येत नसे. काल-परवा थिजल्यासारखा दिसणारा लाव्हा, त्याच्या काचेसारख्या कडा, आणि दर पावलाला पायाखाली फुटणारी काळी खापरं. माझ्या बुटांच्या टाचा दोन दिवसांत फाटल्या होत्या.

"काय आहे?"

"बघ की. डोळे आहेत ना?"

कड्यात खाली काळा दगड होता, वर काळा दगड होता आणि मधोमध हातभर जाडीची तांबडी रेघ होती. आपल्याकडे घाटात रस्ता कापलेला असतो तिथे अशी रेघ हमखास दिसते. लोक तिला मुरूम समजून पुढे जातात. एका लाव्हावर हळूहळू माती धरते. मग पुढचा लाव्हा येतो आणि त्या मातीला भट्टीतल्या विटेसारखं भाजून काढतो. ती माती घट्ट, चिकट. वरच्या दगडाच्या भेगांतून झिरपलेलं पाणी तिच्याशी येऊन अडतं आणि आडवं वाहायला लागतं. गडांवरची निम्मी टाकी आपल्या लोकांनी ह्याच रेघेशी खोदली, हे सबनीसांचं आवडतं व्याख्यान. मी ते किती वेळा ऐकलं असेल ते देव जाणे.

"तांबडा थर तिथे पाणी," ते म्हणाले. "चला, शोधा. ह्या रेघेबरोबर चालत राहायचं. कुठेतरी ओल दिसणारच."

सबनीस म्हणजे माझे यजमान. लग्नाआधी ते मला भूगर्भशास्त्र शिकवायचे. 'सर' म्हणायची सवय सुटली, 'अहो' म्हणणं जमेना, तेव्हा आडनावावर तडजोड झाली. सासूबाई असेपर्यंत मला त्याबद्दल बोलणी खावी लागली. पुढे मीही साताऱ्याच्याच कॉलेजात शिकवू लागले. आम्ही दोघांनी मिळून सह्याद्रीतले किती डोंगर हातोडीने ठोकले, त्याची मोजदाद नाही.

त्या बेटावर आम्ही का गेलो होतो, तेही सांगून टाकते. आम्ही भूगर्भवाले असं मानतो की कोट्यवधी वर्षांपूर्वी जमिनीच्या पोटातल्या ज्या चुलीवरून आपला सह्याद्री उतू आला, ती चूल अजून विझलेली नाही. आपली जमीन सरकत सरकत उत्तरेला आली आणि चूल मागे राहिली, हिंदी महासागराच्या तळाशी. अधूनमधून ती तिथे एखादं बेट वर काढते. मॉरिशसला एका परिषदेचं निमंत्रण आलं, तेव्हाच सबनीसांनी मनाशी ठरवलं होतं की परिषद गेली खड्ड्यात, आपण दक्षिणेकडच्या त्या ओसाड बेटावर जायचं. मॉरिशसहून मासेमारीची बोट ठरवली. एक दिवस आणि एक रात्र लाटांवर आपटत गेल्यावर समुद्रातून एक काळा, धुरकट डोंगर वर आला. त्याच्यावर झाड नाही, झुडूप नाही. सबनीसांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"सह्याद्रीचं शेंडेफळ," ते मला म्हणाले. "कुंदा, आपण नात्यातल्या घरी आलोय."

नात्यातलं घर! तिथे भ्यायचं कशाला?

काय झालं ते सांगते. छोट्या होडीतून किनाऱ्याला लागताना एका लाटेने आम्हाला पालथं घातलं. माणसं वाचली. पाण्याच्या तीन पिंपांतली दोन, दोराचं वेटोळं आणि होडीचं अर्धं बूड समुद्राने नेलं. बोटीच्या कप्तानाला वायरलेसवर कळवलं, तर तो म्हणाला, समुद्र उसळला आहे, मी जवळ येऊ शकत नाही, थांबा. आम्ही थांबलो. उन्हाळ्याचे दिवस, वर ढगाचा ठिपका नाही आणि खाली तापलेला तवा. उरलेलं एक पिंप दुसऱ्या दिवशी सकाळी तळाला गेलं. माझ्या पिशवीत एक बाटली होती, तिच्यात चार घोट होते. ती मी कोणाला दाखवली नव्हती. अगदीच काही सुचेनासं झालं, की तेव्हा काढायची, असं ठरवलं होतं.

आमच्याबरोबर होडी वल्हवणारा आत्माराम अडकला होता. मॉरिशसचा मराठी माणूस, पन्नाशीचा, रेड्यासारखा धिप्पाड. त्याच्या आज्याचा बाप रत्नागिरीकडून ऊस तोडायला तिथे गेलेला. घरात क्रिओल, म्हणजे तिकडची फ्रेंचमिश्रित बोली बोलायचा, पण आमच्याशी आपल्या आजीची मराठी बोलायचा, आणि शब्द अडला की हात हलवून वाक्य पुरं करायचा.

"बाय," तो मला म्हणाला, "हितं पानी गावल? ह्यो तर समदा जळका मुलूख."

"साहेब म्हणतात गावेल."

"सायेब म्हनत्यात तर गावल," तो म्हणाला आणि तांबड्या रेघेबरोबर चालू लागला.

आणि चौथा आमचा निरंजन. एकुलता एक, बावीस वर्षांचा, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. त्याने दगडधोंड्यांतच यावं अशी वडिलांची इच्छा होती आणि तो आला नाही. सबनीस त्याला 'भागुबाई' म्हणायचे. आठ वर्षांचा असताना एका गडावरच्या खांब कोरलेल्या अंधाऱ्या टाक्यात उतरायला तो घाबरला होता, रडला होता. तेव्हापासून ते नाव चिकटलं. प्रेमाने म्हणायचे, चारचौघांत म्हणायचे, त्याच्या मित्रांसमोरही म्हणायचे. मी दहा वेळा सांगून पाहिलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. पोराचे कान तेवढे लाल व्हायचे.

रेघ एका घळीत शिरली. तिथे वारा पडला होता. दगडाचा वाफारा तोंडावर येत होता. पुढे गेलेला आत्माराम एकदम थांबला आणि त्याने हात वर केला.

कड्याच्या बुडाशी एक तोंड होतं. माणूस वाकून जाईल एवढं. लाव्हा वाहून गेल्यावर आत पोकळी राहते, तशी ती नळी होती आणि तिची जमीन म्हणजे तोच तांबडा थर. जमीन आत उतरत गेली होती, तळघराच्या पायऱ्या झिजून उतार व्हावा तशी. तोंडाशी चक्क हिरवं शेवाळ होतं आणि दोन इवलीशी नेच्याची पानं. त्या अख्ख्या बेटावर आम्ही पाहिलेला तो पहिला हिरवा रंग.

"मी काय म्हणत होतो!" सबनीसांनी टाळी वाजवली. "काय म्हणत होतो मी!"

त्यांनी बॅटरीचा झोत टाकला. खाली, उताराच्या टोकाशी, काहीतरी चमकलं. पाणी. निरंजनच्या तोंडून आवाज निघाला, हुंदक्यासारखा. मी तर तिथेच बसले. सबनीसांच्या पाया पडावं असं वाटलं मला, आणि ते मी आयुष्यात फक्त लग्नाच्या दिवशी केलं होतं.

उतारावर दोन-तीन समुद्रपक्षी मरून पडलेले होते. पंख पसरलेले, अंगाला जखम नाही.

"हे बघा काय," मी म्हटलं.

"पक्षी येतात म्हणजे पाणी पिण्यासारखं आहे," सबनीस म्हणाले. "खारट पाण्याला कोण येतंय मरायला?"

"पण मेलेत ते."

"पक्षी मरतात गं कुंदा. समुद्रावर मरतात, कड्यावर मरतात. हे आत येऊन मेले. निरू, तू उतर. सडपातळ आहेस, पटकन जाशील. हा डबा घे."

निरंजनने डबा घेतला. तोंडाशी वाकला, आत पाहिलं आणि तसाच थांबला.

"बाबा, आधी जरा बघू या."

"काय बघू या? मुहूर्त?"

"तसं नाही. आत हवा कशी आहे, काय..."

"हवा! अरे, मी दोनशे टाक्यांत उतरलोय. कुठे वाघ बसलेला असतो का आत?" त्यांनी त्याच्या हातातून डबा काढून घेतला. हसत होते, रागावले नव्हते. "राहू दे. तू बस काठावर. जन्मभर काठावरच बस, भागुबाई."

निरंजनचे कान लाल झाले. सबनीस कमरेत वाकले आणि आत गेले.

आत गेल्यावर नळी उंच होती, त्यांना उभं राहता आलं. बॅटरी हलत हलत खाली गेली. त्यांच्या बुटांखालची चिकट माती पचपचत होती. मग आवाज आला, मोठा, घुमणारा. "पाणी आहे गं! स्वच्छ आहे! गुडघाभर तरी असेल!"

आत्मारामाने हात जोडले.

सबनीसांची एक रीत होती, गडांवरची. टाकं सापडलं की आधी स्वतः उकिडवं बसायचं, दोन्ही हातांची ओंजळ भरायची, तोंड ओंजळीपाशी नेऊन चाखायचं, आणि मग वर तोंड करून ओरडायचं, "गोड!" ते ओरडल्याशिवाय आम्ही कोणी पाण्याला शिवायचं नाही. विद्यार्थी काठावर उभे राहून त्या 'गोड'ची वाट पाहायचे आणि मग सगळे मिळून टाळ्या. पोरखेळच तो. पण त्यांनी सगळ्या सह्याद्रीभर तो केला.

त्यांनी बॅटरी दगडावर ठेवली. उकिडवे बसले. ओंजळ भरली, मान खाली घातली.

आम्ही 'गोड'ची वाट पाहत राहिलो.

ते पुढे झुकले, अगदी सावकाश. देवाला नमस्कार करायला वाकतो तसे. मग एका अंगावर कलंडले आणि हात पाण्यात पडला.

"बाबा?" निरंजन म्हणाला. "बाबा, काय झालं? घसरलात का?"

माझी नजर त्या पक्ष्यांवर गेली आणि मला सगळं कळलं. दोन वर्षं मी मुलांना ते शिकवलं होतं, परीक्षेत प्रश्न घातला होता. जिवंत ज्वालामुखीच्या पोटातून एक वायू निघतो, त्याला रंग नाही, वास नाही. हवेपेक्षा जड असतो, म्हणून खळग्यात पाण्यासारखा साठतो. वारा पडलेला असला की तसाच साठून राहतो. उभा माणूस त्यात कमरेइतका, छातीइतका बुडालेला असतो आणि त्याला पत्ता नसतो. त्याने मान खाली घातली की संपलं. आपला सह्याद्री त्या चुलीवरून कधीच उतरला, म्हणून दोनशे टाक्यांत सबनीसांना काही झालं नाही. हे नात्यातलं घर होतं, पण इथे चूल पेटलेली होती.

"निरू, थांब! आत जाऊ नको! लायटर आहे तुझ्याकडे, दे मला."

"लायटर?"

"सिगारेट ओढतोस ते मला माहीत आहे. दे!"

मी डोक्याचा रुमाल दगडाला गुंडाळून पेटवला आणि आत टाकला. उतारावरून जाळ गडगडत गेला. पहिल्या पक्ष्याशी पोचला आणि विझला. फुंकर घातल्यासारखा नाही, कोणीतरी पाण्यात बुडवावा तसा विझला. आम्ही तिघांनीही ते पाहिलं.

"विषारी हवा हाय," आत्माराम म्हणाला. "द्येवा रे. द्येवा रे."

"दोर?" निरंजनने विचारलं.

दोर समुद्रात होता.

बॅटरीच्या उजेडात सबनीस स्पष्ट दिसत होते. ते मेले नव्हते. पाण्यात पडलेला हात हलत होता. बोटं उघडत होती, मिटत होती, झोपेत बाळाची होतात तशी. पाण्यावर त्याच्या लाटा उठत होत्या आणि त्या छतावर चमकत होत्या. माझ्या नवऱ्याच्या हाताच्या लाटा.

"मी श्वास धरून जातो," निरंजन म्हणाला. "आई, मी श्वास धरून जातो आणि ओढून आणतो."

सबनीस नव्वद किलोचे. चिकट मातीचा चढ. श्वास धरून एवढं वजन कोण ओढणार? अर्ध्या वाटेत तो तोंड उघडणार आणि वडिलांच्या अंगावर पडणार. हे मला ठाऊक होतं, त्यालाही असणार. पण तो तोंडाशी वाकला होता, एक हात कडेच्या दगडावर, पाठ माझ्याकडे. मी त्याला मागून कमरेशी कवटाळलं.

"सोड मला! आई, सोड!"

तो ओरडत होता, मीही ओरडत होते, काय ते आठवत नाही. आम्ही तिथे, त्या तोंडाशी, एकमेकांना धरून झटत होतो. माझी कोपरं दगडाला घासून सोलली. मग आत्माराम आमच्यावर येऊन पडला. अक्षरशः पडला. त्याने आम्हा दोघांना आपल्या अंगाखाली घेतलं आणि खेचत खेचत तोंडापासून दूर नेलं, आणि स्वतः त्या तोंडात पाठ लावून बसला, दाराला अडसर लावावा तसा.

"मारा मला," तो म्हणाला. "मारा, शिव्या द्या. पन म्या हितनं हलनार न्हाय."

त्याच्या खांद्यावरून मला आतला उजेड दिसत होता. छतावरच्या लाटा कमी होत गेल्या. मग छत नुसतं उजळलेलं राहिलं. निरंजन तोंड जमिनीत खुपसून पडला होता. थोड्या वेळाने बॅटरीही गेली.

दुपार कलली तेव्हा वारा फिरला. समुद्रावरून तो सरळ घळीत शिरला आणि त्या नळीत भोंग्यासारखा वाजायला लागला. आत्मारामाने आपला सदरा फाडून, सामानातल्या स्टोव्हच्या रॉकेलमध्ये भिजवून, पेटवून आत टाकला. जाळ पाण्याच्या कडेपर्यंत गेला आणि तिथे जळत राहिला. त्याने दुसरी चिंधी टाकली. तीही जळली. मग आम्ही तिघं उतरलो. उभं राहून, माना ताठ ठेवून, त्यांना काखेत धरून, पायांना धरून वर आणलं. चेहरा शांत होता, नेहमी दुपारी आरामखुर्चीत दिसायचा तसा. तोंड किंचित उघडं होतं. ते 'गोड' म्हणायला उघडलं होतं की श्वासाला, ते मी आजवर ठरवू शकलेले नाही.

आम्ही त्यांना सावलीत निजवलं. आत्माराम उकिडवा बसला आणि म्हणाला, "बाय, पोरानं तोंडात पानी घालाया होवं. तुळशीपान न्हाय तर न्हाय, पन पानी तरी."

मी पिशवीतून ती बाटली काढली. निरंजनने माझ्याकडे पाहिलं. त्याचे ओठ फुटून त्यावर रक्त सुकलं होतं. माझी जीभ टाळ्याला चिकटलेली होती. बाटलीत चार घोट. खरं सांगते, त्या वेळी माझ्या मनात दुःखाच्या आधी काय आलं असेल तर ते चार घोट. मेलेल्याला पाण्याचं काय, असं आलं. असं मनात येतं, आणि ते आल्यावर आपण कसे आहोत ते आपल्याला कळतं.

निरंजनने बाटली घेतली. वडिलांचं डोकं मांडीवर घेतलं आणि चारही घोट त्यांच्या तोंडात घातले, थेंब थेंब, ओठांच्या कडेने ओघळलेलं बोटाने पुसत. स्वतः ओठालाही लावलं नाही.

मग आम्हाला आतलं पाणी पिण्यावाचून गत्यंतर नव्हतं. आत्मारामाने डबा भरून आणला. पाणी थंड होतं आणि सोड्यासारखं चुरचुरत होतं. ज्या वायूने त्यांना मारलं, तोच त्यात विरघळलेला. पण पाणी गोड होतं. सबनीसांचं अनुमान शंभर टक्के बरोबर होतं. तांबडा थर, त्यावर पाणी, आणि गोड. मी दोन ओंजळी प्याले आणि तिसऱ्या ओंजळीला मला हंबरडा फुटला. रडले आणि पुन्हा प्याले.

दुसऱ्या दिवशी समुद्र निवला आणि बोट आली. मॉरिशसमध्ये आत्मारामाच्या जातभाईंनी सगळं केलं. ज्यांनी आपला मुलूख कधी पाहिला नाही, अशा मराठी माणसांनी सबनीसांना खांदा दिला, मोडक्यातोडक्या मराठीत रामनाम घेतलं. निरंजनने अग्नी दिला. विमानात तो माझ्या शेजारी बसला आणि खिडकीबाहेर पाहत राहिला.

साताऱ्याला परतल्यावर लोक भेटायला आले. त्यांना काय झालं ते सांगावं लागे. सांगता सांगता त्याची एक गोष्ट होत गेली. वडील पडलेले पाहून मुलगा जीव टाकून आत निघाला, आईने काळजावर दगड ठेवून त्याला मागे ओढलं, म्हणून तो वाचला. ऐकणाऱ्या बायका पदराने डोळे पुसत. "धन्य ती आई," म्हणत. "आणि पोरगा तरी केवढ्या छातीचा," म्हणत. मी ते खोडून काढत नसे. निरंजन असला तर तिथून उठून जाई.

तो नाशिकला नोकरीला लागला, लग्न झालं, मुलगी झाली. वागायला चांगला, दर आठवड्याला फोन करणारा. पण वडिलांचं नाव त्याच्या तोंडून आलं नाही. श्राद्धाला यायचा, पिंड ठेवायचा आणि त्याच संध्याकाळच्या गाडीने परत. तो एकदाही रडला नव्हता. स्मशानात नाही, विमानात नाही, नंतरही नाही. मला त्याची भीती वाटायची. आतून माणूस पोखरत चाललाय आणि वरून सगळं ठीक दिसतंय, असं वाटायचं.

गेल्या वर्षी कॉलेजने प्रयोगशाळेला सबनीसांचं नाव दिलं. निरंजन आला होता, केस पांढरे व्हायला लागलेले. पाहुण्यांनी भाषणात तीच गोष्ट सांगितली, मीठमसाला लावून. "सरांचे शूर चिरंजीव आज आपल्यात आहेत," म्हणाले. टाळ्या झाल्या. त्याला उभं राहून नमस्कार करावा लागला. त्याचे कान लाल झालेले मी पहिल्या रांगेतून पाहिले.

घरी आल्यावर मी चहा टाकला. तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला.

"आई, ती गोष्ट आता कोणाला सांगू नकोस."

"मी कुठे सांगते? लोकच सांगतात."

"मी निघालो नव्हतो."

मी गॅस बारीक केला.

"मी 'जातो' म्हणालो," तो म्हणाला, "पण मी निघालो नव्हतो. मला वाटत होतं, कोणीतरी धरावं मला. तू धरलंस, तेव्हा मला बरं वाटलं. आई, इतकं बरं वाटलं. बाबांचा हात हलत होता आणि मला बरं वाटत होतं. ओरडत होतो तेवढंच. बाबा बरोबर म्हणायचे माझ्याबद्दल."

"मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"तू निघाला नव्हतास ते. बावीस वर्षांचा घोडा तू. तू खरंच जोर लावला असतास तर मी कुठे पुरणार होते? तुझे पाय मागे रेटत होते, निरू. तुझी सगळी पाठ माझ्या छातीत घुसत होती."

त्याचा चेहरा असा झाला, की मला तो आठ वर्षांचा दिसला.

"मग तू कशाला म्हणत आलीस, मी मागे ओढलं म्हणून?"

"आईने मुलाला मागे ओढलं, हे लोकांना पटतं. दुसरं कसं सांगायचं ते मला समजलं नाही." चहा उतू गेला. मी तो तसाच जाऊ दिला. "मी तुला मागे ओढत नव्हते. मी पुढे निघाले होते. रुमाल विझलेला पाहिला होता, सगळं कळत होतं, आणि तरी त्यांची बोटं हलताना बघून मी निघाले होते. तू त्या नळीच्या तोंडात उभा होतास. मी तुला बाजूला सारत होते. सारता येईना, म्हणून कवटाळून ढकलत होते. तू बाजूला झाला असतास, तर मी तुझ्या अंगावरून आत गेले असते आणि तू त्या बेटावर दोघांच्या तोंडात पाणी घातलं असतंस."

"आई..."

"तू भ्यायलास, म्हणून हलला नाहीस. आत्माराम येईपर्यंत तू हलला नाहीस."

निरंजन दारातच खाली बसला, फरशीवर, कोटबीट घालून. मी गॅस बंद केला आणि त्याच्या शेजारी बसले. त्याने गुडघ्यांत मान घातली आणि इतक्या वर्षांनी, पहिल्यांदाच, तो वडिलांसाठी रडला.